धूर कमी, दम जास्त!

तीस वर्षांचं जुनं ट्रकचं इंजिन, एक पुणेरी इंजिनिअर, दापोडीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले बाबा आणि एक्झॉस्टच्या पाईपचं भलतंच इंटरेस्टिंग कोडं...

'सायलेन्सर काढून टाक, गाडी पळते की नाही बघ!' हे ज्ञान आपल्याकडे कॉलेजच्या पार्किंगमध्ये फुकट मिळतं. मग कुणीतरी बाइकचा सायलेन्सर पोकळ करून आणतो, सोसायटीतली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागतात आणि त्या गोंगाटात आपली गाडी खरंच सुसाट सुटलीय असं त्याला वाटायला लागतं. स्टॉपवॉच मात्र कुणी लावत नाही. लावलं तर वांधे होतील! आवाज आणि पॉवर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची एकमेकींशी फारशी ओळखही नाही.

मग एक्झॉस्टचा आणि पॉवरचा संबंधच नाही का? आहे, चांगला घट्ट आहे. फक्त तो आपल्याला वाटतो तिथे नाही. तो नेमका कुठे आहे हे मला समजलं ते इंजिनिअरिंगच्या माझ्या जुन्या रूममेटमुळे. हा पठ्ठ्या सध्या अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या कोलंबस नावाच्या गावात असतो. आठवडाभर क्यूबिकलमध्ये बसून एक्सेल शीट भरतो आणि शनिवार उजाडला की कळकट जीन्स चढवून १९९२ सालच्या डॉज पिकअपखाली शिरतो. त्याला आपण ट्रकवाला म्हणू. (अमेरिकेत पिकअपलाही ट्रकच म्हणतात. आपल्या दहाचाकी ट्रकचं चित्र डोळ्यासमोर आणू नका.)

कमिन्स म्हणजे फक्त कॉलेज नव्हे!

त्या डॉजच्या बॉनेटखाली जे इंजिन आहे त्याचं नाव कमिन्स सिक्स-बीटी. सहा सिलिंडर, ५.९ लिटर, टर्बो, डिझेल. पुण्यात कमिन्स म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर आधी कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज येतं, ते सोडा. त्या कॉलेजला नाव देणाऱ्या कंपनीचं मूळ गाव म्हणजे हेच कोलंबस. १९१९ साली ती तिथे सुरू झाली. १९६२ साली किर्लोस्करांबरोबर ती पुण्यात आली, कोथरूडला कारखाना झाला. पुढे १९९३ मध्ये टाटांबरोबर भागीदारी झाली आणि हेच ५.९ लिटरचं इंजिन जमशेदपूरला बनू लागलं. त्यामुळे घाटात तुमच्यापुढे ज्या टाटा ट्रकच्या मागे तुम्ही हॉर्न वाजवत, चरफडत गेला असाल, त्यातल्या कितीतरी ट्रकांच्या पोटात ट्रकवाल्याच्या डॉजचं सख्खं भावंड होतं. आपल्याकडे त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. तिकडे मात्र त्याची पूजा होते!

कारणही तसंच आहे. १९८०च्या दशकात हे इंजिन केस या ट्रॅक्टर कंपनीबरोबर मिळून तयार झालं, शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी. म्हणजे दिवसभर फुल लोडवर राबायचं, हाच त्याचा जन्मजात स्वभाव. १९८९ सालच्या मॉडेलपासून डॉजने ते उचलून पिकअपमध्ये घातलं. पॉवर किती? फक्त १६० हॉर्सपॉवर. आजच्या आपल्याकडच्या कितीतरी एसयूव्ही त्याहून जास्त काढतात. पण टॉर्क ४०० पाउंड-फूट, म्हणजे जवळपास ५४० न्यूटन-मीटर, आणि तोही अगदी कमी आरपीएमला. शिवाय इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, म्हणून लाडाचं नाव ट्वेल्व्ह-व्हॉल्व्ह. पाने-पकडी घेऊन बसलेल्या माणसाला समजेल असं हे शेवटच्या पिढीतलं इंजिन. लॅपटॉपला कंटाळलेल्या आयटीवाल्याला आणखी काय हवं?

आधी श्वासाचं गणित

पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की आपण हवेची वाट उघडतो. डिझेलमध्ये तसं नसतं. तिथे हवा कायम मोकळी येते, आपण वाढवतो ते फक्त इंधन. पॉवर हवी? जास्त डिझेल टाका. इतकं सोपं! पण एक भाग डिझेल पुरतं जळायला हिशेबाने साडेचौदा भाग हवा लागते, आणि धूर न काढता जळायचं तर त्याहून बरीच जास्त. कारण सिलिंडरमध्ये हवा आणि डिझेल नीट मिसळायला वेळच मिळत नाही. हवा कमी पडली की दोन गोष्टी होतात. मागून काळा धूर निघतो आणि एक्झॉस्टचं तापमान वाढतं.

यातली दुसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून जास्त खतरनाक. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. पिस्टनला खालून ऑइलचा फवारा गार ठेवतो, म्हणून वरून त्याहून गरम गॅस गेला तरी तो टिकतो. पण किती वेळ? या इंजिनांवर काम करणारे लोक टर्बोच्या आधी मोजलेलं तापमान सतत १२५० ते १३०० अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे साधारण ६७५ ते ७०५ सेल्सिअस. त्याच्या वर दोन-चार सेकंद चालून जातं, दहा मिनिटांचा घाट नाही.

आता टर्बोचं बघा. बाहेर जाणारा गरम गॅस एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. म्हणजे इंजिन जो श्वास सोडतं, त्याच्याच जोरावर पुढचा श्वास घेतं. म्हणून जुन्या टर्बो डिझेलमध्ये एक्झॉस्ट सुधारायचा तो आवाजासाठी नाही. हवा वाढली की तेवढंच डिझेल गार आणि स्वच्छ जळतं. पॉवरचा स्क्रू वेगळीकडे असतो, पण तो किती फिरवायचा ते एक्झॉस्ट ठरवतो.

श्वास अडला की काय होतं याचा सगळ्यात झकास किस्सा खुद्द कमिन्सचाच आहे. १९५२ साली त्यांनी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या रेसमध्ये डिझेल गाडी उतरवली. टर्बो लावलेली. पेट्रोलवाल्यांच्या नाकावर टिच्चून तिने पोल पोझिशन पटकावली! आणि रेसमध्ये? ७१ लॅप झाल्यावर बाहेर. इंजिन फुटलं नाही, गिअरबॉक्स मोडला नाही. टर्बोचं हवा घेणारं तोंड खाली, ट्रॅकच्या जवळ होतं, तिथे टायरच्या रबराचा कचरा जाऊन बसला आणि गाडीचा दम कोंडला. बस्स, खेळ खलास.

स्क्रू फिरवायचा मोह

ट्रकवाल्याने ही डॉज घेतली २०२१ मध्ये. २०२३च्या उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी यायचे होते. त्याच्या डोक्यात प्लॅन शिजला. मागे कॅम्पर ट्रेलर लावायचा, आई-बाबांना घेऊन कोलोरॅडोपर्यंत जायचं, रॉकी माउंटन्स दाखवायच्या. कागदावर मस्त. पण डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आय-७० हायवे आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढत जातो आणि तो बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे. आपल्या कळसूबाईच्या दुप्पट उंची! तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी. म्हणजे ज्या हवेसाठी एवढी मारामारी, तीच विरळ. मागे ट्रेलर, पुढे चढ, गाडीत आई-बाबा, आणि इंजिन जुनं.

ऑफिसातल्या पोरांनी सल्ला दिला, 'डिझेल पंपाचा स्क्रू आत घे, बघ कशी चढते!' सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. त्या पंपाच्या मागच्या बाजूला इंधन वाढवायचा स्क्रू खरंच असतो, थोडासा फिरवला तरी गाडी बदलल्यासारखी वाटते. पन्नास पैशांचं काम! म्हणून तर सगळे आधी तेच करतात. आणि म्हणूनच वितळलेले पिस्टन घरातल्या टेबलावर पेपरवेट म्हणून मिरवतात.

ट्रकवाल्याने स्क्रूला हात लावायच्या आधी एक शहाणपणाची गोष्ट केली. तापमानाचा काटा बसवला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून त्यात थर्मोकपल घालायचा, टर्बोच्या आधी. टर्बोनंतर बसवणं सोपं असतं, पण तिथे काटा दोन-तीनशे अंश फॅरनहाइटने कमी दाखवू शकतो, म्हणजे खोटा दिलासा. भोक पाडतानाही लोखंडाचा कीस आत गेला तर तो थेट टर्बोच्या पात्यांवर आदळणार, म्हणून ड्रिलला ग्रीस थापायचं, पुनःपुन्हा पुसायचं, चुंबक फिरवायचं. मग त्याने मित्राचा ट्रेलर मागे लावून गावाबाहेरच्या एका लांब चढावर गाडी नेली. स्क्रू न फिरवता, पंप कंपनीचा तसाच. काटा गेला १३५० अंशांवर. इंडियानात! जिथे डोंगर म्हणजे आपली पर्वती!!

बाबांचा व्हॅक्युम क्लीनर

त्याचे बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले. जेट लॅग उतरायच्या आत बॉनेट उघडून उभे. "अरे, पाईप-बिईप नंतर. आधी गळती बघ," हे त्यांचं पहिलं वाक्य. ट्रकवाल्याने तोवर चार इंची एक्झॉस्ट ऑर्डर करून टाकला होता. "ते येईल तेव्हा येईल. तोवर साबणाचं पाणी आण."

सुनेचा व्हॅक्युम क्लीनर आला. त्याची नळी उलटी लावायची, म्हणजे ओढण्याऐवजी हवा फेकली जाते. इंजिन बंद आणि गार असताना ती हवा सायलेन्सरच्या तोंडातून आत सोडायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडायचं. जिथे बुडबुडे, तिथे गळती. दोन ठिकाणी फेस आला, आणि दोन्ही ठिकाणं टर्बोच्या आधीची! म्हणजे चक्र फिरवायला निघालेला गॅस वाटेतच पळून जात होता.

हे या इंजिनाचं जुनं दुखणं आहे. मॅनिफोल्ड म्हणजे सहाही सिलिंडरचा एक्झॉस्ट गोळा करणारं ओतीव लोखंडाचं लांबलचक भांडं. तीस वर्षं तापायचं, गार व्हायचं. यात ते चक्क आखडतं. टोकाची भोकं हेडच्या भोकांशी जुळेनाशी होतात, बोल्ट ताणले जातात आणि कधीतरी तुटतात. थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक आवाज आणि जोडापाशी काजळीचा काळा ओघळ दिसला की ओळखावं. यावर तोडगा म्हणून तीन तुकड्यांचा मॅनिफोल्ड मिळतो. त्याचे तुकडे एकमेकांत सरकतात, त्यामुळे तापल्यावर पसरायला जागा राहते.

जुना काढताना बोल्ट तुटलेच. इंडियानात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीखालचा प्रत्येक बोल्ट गंजून वेल्ड केल्यासारखा झालेला असतो. बाबांनी तुटलेल्या बोल्टावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारायला लावलं, गार होऊ दिलं आणि पान्याने हळूच फिरवून काढलं. शेजारचा गोरा आजोबा बिअरचा कॅन हातात धरून हे कौतुक बघत उभा. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नाही, पण दुपारभर गप्पा चालल्या होत्या म्हणे!

मॅनिफोल्ड बघताना बाबांनी आणखी एक गंमत दाखवली. हे भांडं आतून दोन कप्प्यांचं असतं, पुढचे तीन सिलिंडर एका कप्प्यात, मागचे तीन दुसऱ्यात. का? या इंजिनात स्फोटांचा क्रम आहे १-५-३-६-२-४. मोजून बघा. एक पुढचा, एक मागचा, एक पुढचा, एक मागचा... म्हणजे एका कप्प्यात लागोपाठ दोन धक्के कधीच येत नाहीत. प्रत्येक सिलिंडरचा गॅस आधीच्याशी धडका न घेता सरळ टर्बोवर जाऊन आदळतो. १९८०च्या दशकातल्या कुण्या इंजिनिअरने केलेलं हे डिझाइन आहे. मला तर ते अख्ख्या गाडीतलं सगळ्यात देखणं वाटतं, आणि ते कधी दिसतच नाही!

पुढच्या शनिवारी टॅपेट सेटिंग. फिलर गेज घेऊन इनटेकला दहा थाउ, एक्झॉस्टला वीस थाउ (म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात). एक्झॉस्टची फट वाढली तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि कमी उघडतो. मग मागे गटाराएवढा पाईप लावलात तरी उपयोग काय? तीन व्हॉल्व्ह सैल निघाले. एअर फिल्टर नवा घातला, इंटरकूलरच्या होजचे क्लॅम्प बदलले. यातल्या एकाही कामाने आवाजात काडीचा फरक पडला नाही. पण त्याच चढावर काटा १३५० वरून पावणेतेराशेवर आला.

कुठे अरुंद, कुठे रुंद?

आता खरा ट्विस्ट. जास्त फ्लो म्हणजे सगळीकडे मोठा पाईप, असं कुणालाही वाटेल. पण टर्बोच्या आधी नेमकं उलटं चालतं.

टर्बोच्या गरम बाजूच्या घराला, हाउसिंगला, एक मापाचा आकडा असतो, चौरस सेंटिमीटरमध्ये. गॅस चक्रावर आदळायच्या आधी ज्या वाटेने जातो, तिचं ते क्षेत्रफळ. इंटरकूलरवाल्या त्या जुन्या डॉजवर २१चं हाउसिंग यायचं. ही वाट बरीच ऐसपैस. बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते, तसंच इथे. वाट थोडी आवळली की गॅसचा वेग वाढतो, चक्र लवकर फिरतं आणि कमी आरपीएमलाही हवा मिळते. ट्रकवाल्याने २१ काढून १८चं लावलं. अर्थात फार आवळून चालत नाही. बारा-चौदाचं लावून जास्त आरपीएमला गेलात तर गॅस तुंबतो, आणि तो तुंबू नये म्हणून वेस्टगेट, म्हणजे जादा गॅस बाजूने सोडून देणारी झडप, लागते. मोजायचं असेल तर मॅनिफोल्डमधला दाब आणि टर्बोने दिलेल्या हवेचा दाब शेजारी ठेवून बघायचे. दोन्ही आसपास असले तर छान. मॅनिफोल्डमधला फारच वर गेला तर कुठेतरी गळा आवळला गेलाय.

टर्बोच्या पुढे मात्र सगळं मोकळं हवं! चक्र फिरतं ते दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर. मागे दाब तुंबला की चक्राचं बळ तेवढं कमी. पेट्रोल गाड्यांवरून आलेली 'इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच' ही समजूत इथे पार खोटी आहे. (पेट्रोल इंजिनालाही खरं तर बॅक प्रेशर नको असतं, गॅसचा वेग हवा असतो. पण ते भांडण पुन्हा कधीतरी.) कंपनीचा पाईप तीन इंची. चार इंची म्हणजे एकच इंच जास्त, पण गोलाचं क्षेत्रफळ वर्गात वाढतं, त्यामुळे वाट जवळजवळ पाऊणपट जास्त मोकळी होते. पाच इंची आणि त्याहून मोठे पाईपही मिळतात. या इंजिनाला त्यांचा उपयोग शून्य. शोभेला बरे!

पाईप किती जाड, इतकंच तो कसा वाकवलाय हेही महत्त्वाचं. साध्या मशीनवर वाकवलेला पाईप वळणावर चपटा होतो, म्हणजे चार इंच विकत घेऊन वळणावर तीनच हातात येतात. ट्रकवाला त्यासाठी मँड्रेल बेंड म्हणजे आतून आधार देऊन वाकवलेले पाईप शोधत होता. बाबांचं म्हणणं, "त्यात काय, वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची आणि तापवून वाकवायचा. आमच्याकडे असेच वाकवायचे." तत्त्व एकच. आतून आधार असला की पाईप बसत नाही.

आणि सायलेन्सर? ठेवला! आरपार भोकाचा, आतल्या जाळीच्या नळीभोवती आवाज खाणारं पॅकिंग असलेला. त्यातून गॅस सरळ जातो. सायलेन्सर उडवून मिळणारी पॉवर नगण्य, कारण मोठी अडचण आधीच दूर झालेली. उलट मोकळ्या पाईपचा हायवेवर एका ठरावीक वेगाला जो घुमणारा आवाज डोक्यात बसतो, तो हजार मैल ऐकून आई परत विमानात बसली असती.

काळ्या धुराचे शौकीन

हे सगळं झाल्यावरच त्याने पंपाचा स्क्रू थोडासा आत घेतला. मोजमाप एकच, फुल लोडवर आरशात धुराची फिकट रेघ दिसली तर चालेल, पडदा दिसला तर स्क्रू मागे.

तिकडे उलट्या खोपडीचे लोकही आहेत. मुद्दाम इंधन वाढवून काळ्या धुराचे लोट सोडायचे, तेही पादचारी, सायकलवाले किंवा इलेक्ट्रिक गाड्यांच्या तोंडावर. याला 'रोलिंग कोल' म्हणतात. न्यू जर्सीने २०१५ मध्ये त्याविरुद्ध खास कायदाच केला. एडिसनमध्ये राहणाऱ्या तुमच्या मावशीला विचारून बघा! मला यातला मूर्खपणा जास्त खटकतो. तो काळा लोट म्हणजे विकत घेतलेलं, न जळलेलं डिझेल. पॉवरची जाहिरात म्हणून जे मिरवतात, ते वाया गेलेल्या पॉवरचं प्रदर्शन असतं. आणि ही काजळी दुसऱ्याच्या फुप्फुसात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कॅन्सरला कारणीभूत होणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला, म्हणजे ज्याबद्दल आता शंका उरलेली नाही अशा गटात. सिगारेटही त्याच गटात आहे.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरी काकांची जुनी जीप किंवा सुमो धूळ खात पडलीय, त्यांचे हात शिवशिवायला लागले असतील. जरा थांबा. आपल्याकडे कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दोन्हीही होऊ शकतात. अमेरिकेतही मोकळं रान नाही. कंपनीने लावलेलं प्रदूषण रोखणारं यंत्र काढणं तिथे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. ट्रकवाल्याच्या १९९२च्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मुळात नव्हताच, म्हणून त्याचं जमलं.

पण बाबांनी केलेलं पहिल्या दोन शनिवारचं काम करायला जगातला कुठलाच कायदा आड येत नाही. मॅनिफोल्डची गळती बंद करा, टॅपेट सेट करा, नोझल टेस्ट करून घ्या, फिल्टर बदला, आतून काजळीने तुंबलेला किंवा गंजून पडलेला सायलेन्सर काढून त्याच मापाचा नवा लावा. जुन्या डिझेलची हरवलेली पॉवर बहुतेक वेळा इथेच कुठेतरी सांडलेली असते. तुमचा फिटर 'मोठा पाईप टाकू या का साहेब?' म्हणाला तर त्याला आधी साबणाचं पाणी आणायला सांगा. तो चमकेल, पण आणेल.

अकरा हजार फुटांवर

ऑगस्ट २०२३ मध्ये मंडळी निघाली. कॅन्ससच्या सपाट रस्त्यावर काटा झोपल्यासारखा पडून होता. डेन्व्हर सोडलं आणि बाबांनी गाडीतली गाणी बंद करायला लावली. "मला इंजिन ऐकू दे." पुढचा तास ते काट्याकडे आणि आई दरीकडे बघत होती.

सगळ्यात खड्या टप्प्यावर काटा १२०० ओलांडून साडेबाराशेला टेकला. ट्रकवाल्याने एक गिअर खाली टाकला, ॲक्सिलरेटर थोडा सोडला आणि ताशी ४० मैलांवर उजव्या लेनमधून, मोठ्या ट्रेलरवाल्यांच्या रांगेत, निवांत चढत राहिला. आरपीएम वाढले की पंपावर तेवढाच लोड असताना हवा जास्त मिळते, तापमान उतरतं. काटा पुन्हा १२००च्या खाली आला. मागून भलेमोठे नवे पिकअप सूं सूं करत पुढे निघून जात होते. "जाऊ दे त्यांना," बाबा म्हणाले. बोगद्यापलीकडे उतरून थांबल्यावर त्यांनी इंजिन लगेच बंद करू दिलं नाही. तीन-चार मिनिटं तसंच चालू ठेवलं, टर्बो गार व्हायला. मग खाली वाकून मॅनिफोल्डच्या जोडांवरून टॉर्च फिरवला. काजळीचा ओघळ कुठेच नव्हता. तेव्हा कुठे त्यांनी चहाचा थर्मास उघडला.

आता एकच काम राहिलंय. या ट्वेल्व्ह-व्हॉल्व्ह इंजिनांत टायमिंग गिअरच्या कव्हरमागे एक छोटी लोखंडी पिन असते. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती सुटून गिअरमध्ये पडू शकते, आणि पडली तर इंजिनाचं कायमचं वाटोळं! तिकडे तिचं नावच 'किलर' पडलंय. इलाज म्हणजे पुढचं कव्हर उघडून तिच्या तोंडावर एक छोटी पट्टी बोल्टने आवळायची. ट्रकवाला म्हणतो, करू की हिवाळ्यात. बाबा पुण्याहून दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात. आधी नातीची चौकशी, मग हवामान, आणि मग न चुकता, "ती पिन बसवलीस का रे?"